दोन म्हणजे आठ

पहिल्याच दिवशी मी सहा तास उशिरा पोचले.
कोम्बोने फोनवर सांगितलं होतं, साआ म्बिली.
चोपडीत अर्थ पाहिला: दोन वाजता.
मग निवांत केस धुतले,
खिडकीतून नांगर टाकलेली जहाजं मोजली
आणि भर दोनच्या उन्हात गोदीच्या फाटकाशी उभी,
नवे बूट, हातात परखी.
ट्रक कधीच निघून गेलेले.

कोम्बो डबा विसळत होता. रागावला नाही.
म्हणाला, इथे उजाडल्यापासून मोजतात.
सूर्य वर आला, एक तास सरला, की एक.
तुमच्याकडे मध्यरात्री उठून कोण बसतं मोजायला?

मला पाण्यात हळूहळू बुडणारं घटिकापात्र आठवलं.
पण माझं स्वाहिली अजून अंगणापर्यंतच पोचतं,
ओसरीवर नाही.

शहराचं नाव दार एस सलाम.
दार म्हणजे घर, झुहुरा सांगते, अरबी आहे ते.
असेल. मला मात्र ते दारच वाटतं,
आणि मी आपली शोधतेय
चपला नेमक्या कुठे काढायच्या.

समुद्र कुणीतरी फिरवून ठेवलाय.
वेंगुर्ल्याला सूर्य त्यात बुडायचा,
इथे त्यातूनच निथळत वर येतो.
पहिले काही दिवस पहाटेची मला संध्याकाळच वाटायची,
हात आपसूक दिवा लावायला जायचा.

रिक्षाला इथे बजाजी म्हणतात.
मी चालकाला म्हटलं, हे आमच्याकडचं आडनाव आहे.
तो असा हसला, जणू मी म्हणाले होते
नारळ माझा मामेभाऊ.

गोदाम सात. छपरापर्यंत काजूची पोती.
परखी खुपसायची, पसाभर बी काढायची,
वजन, ओल, मग चिरून बघायचं:
पांढरी, डागी, पोकळ.
एका किलोत एकशे नव्वद बिया.
पोत्यांवर माझ्याच देशातल्या बंदराचं नाव छापलेलं.
त्या तिकडे निघाल्या, मी इकडे आले,
अशी ही वाटेतली भेट,
दोघींनाही थांबायला सवड नाही.

तिसऱ्या दिवशी चीक उडाला, मनगटावर.
लहानपणापासून ओळखते मी हा चटका,
तोच, तसाच, काळा डाग ठेवून जाणारा.
झुहुरा म्हणाली, पोले.
मला वाटलं माफी मागतेय. पण तिने कुठे काय केलं होतं?
तिने खोबरेल चोळलं आणि पुन्हा म्हणाली, पोले.

मग तो शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला.
ठेचकाळलीस, पोले.
दमून घरी निघालीस, पोले.
घरमालकिणीने भाडं वाढवलं, मामा म्वानाईदीने, आणि वर तीच म्हणाली, पोले.
तुझं दुखलं ते मला दिसलं, एवढंच त्याचं म्हणणं.
आपल्याकडे ह्याला नेमका शब्द नाही.
‘अगो बाय’ म्हणताना हात छातीशी जातो ना,
त्या हाताच्या आसपास कुठेतरी असावा.

संध्याकाळी आईचा फोन. तिच्याकडे साडेनऊ.
किती वाजले गो थंय?
एक, मी म्हणून गेले.
एक? इतक्या रातची जागी कित्याक?
समजावलं. ते तिला पटलं नाही,
सूर्याला विचारून घड्याळ लावायला तुम्ही काय कोंबडे, म्हणाली.
मग गुडघ्याचं सांगत बसली,
जिना आता बसून बसून उतरते म्हणाली,
आणि माझ्या तोंडून निसटलं,
पोले.

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
पोळे? आई म्हणाली. थंय पोळे गावतत?

गावतत, मी म्हटलं.